कपाटाची चावी

२०२४ च्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या रविवारी, घटस्थापना होऊन तीन दिवस झाले असताना, लुइझियानात राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. ती तेथील एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. आमची रविवारची सकाळ ही तिची शनिवारची रात्र असते आणि कामाची पाळी नसेल तेव्हा मुलांना झोपवून ती निवांत बोलते. त्या दिवशी मात्र तिच्या आवाजात थकवा होता. ‘मावशी, आमच्या ट्रॉलीतल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या काढून नेल्या. आता त्या बाहेरच्या कुलूपबंद कपाटात असतात,’ असे ती म्हणाली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी या गोळ्या देतात. पुढचा सगळा वेळ आम्ही त्याच विषयावर बोलत राहिलो.

मध्य मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी बत्तीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली आणि त्यातील जवळजवळ निम्मा काळ नियंत्रित औषधांचे कपाट माझ्या ताब्यात होते. त्यामुळे गोळ्यांची एक पट्टी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, ही बातमी मला लहान वाटली नाही. कायदेमंडळात एखाद्या औषधाचे नाव नव्या यादीत चढते तेव्हा वर्तमानपत्रांत शिक्षेची वर्षे आणि दंडाची रक्कम छापून येते. रुग्णालयात मात्र त्या निर्णयाचा पहिला परिणाम होतो तो औषध कोठे ठेवायचे, चावी कोणाकडे राहणार आणि रात्री दोन वाजता ती किती मिनिटांत मिळणार, यावर. यादी करणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर औषधाचा गैरवापर करणारा माणूस असतो, आणि त्या औषधावाचून अडणारा माणूस त्या सभागृहात आलेलाच नसतो.

आधी लुइझियानात काय घडले ते सांगते. मे २०२४ मध्ये तेथील राज्यपालांनी सही केलेल्या कायद्याने मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपातासाठीही वापरली जाणारी दोन औषधे राज्याच्या नियंत्रित व धोकादायक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीत घालण्यात आली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अमलात आला. अमेरिकेत १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार नियंत्रित पदार्थांच्या पाच अनुसूची आहेत. पहिलीत हेरॉइन आणि एलएसडी आहेत, तर चौथीत डायझेपाम, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे आहेत. कोणते द्रव्य कोठे बसवायचे हे ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: त्याचा नशेसाठी गैरवापर होण्याची शक्यता किती, मान्य वैद्यकीय उपयोग आहे की नाही, आणि त्याने शरीराला वा मनाला किती सवय लागते. केंद्राच्या अनुसूचीखेरीज प्रत्येक राज्याची स्वतःची अनुसूची असते. राज्ये बहुतेक वेळा केंद्राचीच यादी उचलतात, पण तीत भर घालण्याचा अधिकार त्यांना असतो. केंद्राच्या यादीत ही दोन्ही औषधे नाहीत. ती अशा अनुसूचीत घालणारे लुइझियाना हे पहिले राज्य ठरले.

ज्या घटनेतून हे विधेयक आले ती घटना मन हेलावणारी आहे आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. विधेयक मांडणाऱ्या सिनेटरच्या बहिणीला तिच्या पतीने ती गरोदर असताना न सांगता पेयातून मिसोप्रोस्टॉल दिले होते, आणि पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूलही केला. फसवून असे औषध देणाऱ्याला कठोर शिक्षा व्हावी, यासाठी विधेयकात मुळात एक स्वतंत्र गुन्हा निर्माण केला होता, आणि त्याला विरोध करावा असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. दोन औषधांचे नाव अनुसूचीत घालण्याची तरतूद मात्र विधेयक पुढे सरकल्यानंतर जोडली गेली. २०० हून अधिक डॉक्टरांनी सह्या करून तिला हरकत घेतली, तरी ती राहिली. या राज्यात २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे, त्यामुळे या तरतुदीमागे केवळ त्या एका बहिणीचे दुःख होते असे म्हणता येत नाही. ज्या मातेने स्वतःसाठी गोळी बाळगली तिच्यावर खटला होणार नाही, अशी सूट कायद्यात आहे; इतर कोणाजवळ वैध चिठ्ठीविना ती सापडली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

आता त्या गोळीविषयी. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिन ई-वन या द्रव्याचे कृत्रिम रूप आहे आणि अमेरिकेत १९८८ साली त्याला परवानगी मिळाली ती वेदनाशामकांमुळे होणाऱ्या पोटातील व्रणांसाठी. गर्भाशयाचे स्नायू आकुंचित करण्याचा त्याचा गुण प्रसूतिशास्त्राने पुढे उपयोगात आणला. बाळंतपणानंतर गर्भाशय सैल राहिले तर वारेच्या जागेवरून रक्त वाहतच राहते. पूर्ण दिवसांच्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त फिरत असते, हे लक्षात घेतले म्हणजे तेथे मिनिटांचा हिशेब का करतात ते समजते. पहिला उपाय ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा असतो, पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचणारा प्रशिक्षित हात जवळ असावा लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला शीतकपाट लागत नाही, सुई लागत नाही, जिभेखाली ठेवली तरी चालते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी तिचा समावेश आहे. या गोळीने नशा येत नाही, सवय लागत नाही, कोणी ती दुसऱ्यांदा हौसेने मागत नाही. नशेच्या पदार्थांसाठी आखलेल्या तीन कसोट्यांपैकी नशेची आणि सवयीची, या दोन्ही तिला लागू पडत नाहीत.

भाचीच्या कक्षात रक्तस्रावाच्या प्रसंगासाठी एक ट्रॉली सज्ज असे आणि तिच्या वरच्याच कप्प्यात या गोळ्या असत. कायदा लागू होण्यापूर्वी राज्याच्या आरोग्य विभागाने सूचना काढून, औषध कुलूपबंद वा देखरेखीखालच्या ट्रॉलीत ठेवता येईल असे सांगितले. कायद्याने डॉक्टरला औषध देण्यास मनाई केलेली नाही, हेही खरे आहे. पण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने धोका न पत्करता गोळ्या बोटांचा ठसा घेऊन उघडणाऱ्या कपाटात हलवल्या. त्या राज्यातील आणखी काही रुग्णालयांप्रमाणे तिच्या कक्षातही घड्याळ लावून सराव झाला: खाटेपासून कपाटापर्यंत धावायचे, ठसा द्यायचा, डॉक्टरची नोंद झाली आहे की नाही ते पाहायचे, गोळ्या घ्यायच्या, परत यायचे. पहिल्या वेळी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. ‘दोन मिनिटांत काय होतं, असं कोणी विचारलं तर मी त्यांना एकदा आमच्या खोलीत उभं करीन,’ असे ती म्हणाली.

तिचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे जुने कपाट उभे राहिले. हिरव्या रंगाचे, लोखंडी, दोन कुलपांचे. आमच्याकडे त्याला ‘डीडीए’चे कपाट म्हणत आणि अनेक रुग्णालयांत आजही म्हणतात. ही तीन अक्षरे १९३० च्या धोकादायक औषधिद्रव्ये कायद्याच्या इंग्रजी नावातून आली आहेत. तो कायदा १९८५ मध्ये रद्द झाला, तरी वॉर्डातली सिस्टर नव्याने आलेल्या मुलीला अजून ‘डीडीए रजिस्टर आण’ असेच सांगते. माझे बालपण लालबागला गेले. गिरणीत जाणाऱ्या बायका पाळी संपेपर्यंत तान्हे मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. आधी हाती येईल तेथून विकत मिळणारी अफू आणि मग दोन कुलपांतील, अफूपासूनच बनणारे तीव्र वेदनांवरचे मॉर्फीन, ही दोन टोके एकाच वस्तूची आहेत, आणि अशा वस्तूवर नियंत्रण असू नये असे मी कधीच म्हणणार नाही.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. हेरॉइनचा, आपल्या भाषेत गर्दचा, विळखा त्या वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांतून दिसत होता आणि कठोर कायद्याची गरज होतीच. या कायद्याने वैद्यकीय वापराला परवानगी ठेवली होती. तसे त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. परंतु परवानगी कशी द्यायची याचे नियम राज्यांवर सोपवले, आणि शिक्षा अशी ठेवली की अल्प प्रमाणाचा अपवाद वगळता बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांचा तुरुंगवास. रुग्णालयाच्या औषधभांडारात बसणाऱ्या माणसाने हे वाचले आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली: हिशेबात एक कुपी कमी आली तर घर उद्ध्वस्त होईल.

मी १९८७ साली नोकरीला लागले तेव्हा मॉर्फीनसाठी लागणाऱ्या परवान्यांची फाइल एका हाताने उचलता येत नसे. बाळगण्याचा परवाना वेगळा, आणण्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा, आणि माल परराज्यातून यायचा असेल तर तेथील खात्याची संमती वेगळी. आरोग्य खाते, औषध प्रशासन, उत्पादन शुल्क खाते यांच्यात ती फाइल फिरत राही. प्रत्येक परवान्याची मुदत स्वतंत्र असल्यामुळे शेवटचा कागद हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हीच गोष्ट देशभर घडत होती. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत भारतातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ साली एवढ्या मोठ्या देशाने अवघे १८ किलो मॉर्फीन वापरले. याच काळात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत येत होती आणि औषधनिर्मितीसाठी परदेशांत निर्यात होत होती. पीक आपले होते, कारखाना आपला होता, वेदनाही आपल्याच माणसांची होती. मधला रस्ता तेवढा कागदांनी बंद झाला होता.

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्याकडचा परवाना नूतनीकरणाला गेला आणि सहा आठवडे परत आला नाही. कपाटात मॉर्फीनची एकही गोळी नव्हती. त्या काळात गिरणीतून बाहेर पडलेला एक साठीचा कामगार तोंडाच्या कर्करोगाने आमच्या वॉर्डात होता. त्याची पत्नी रोज दुपारी माझ्या खिडकीशी येई. ती भांडली नाही, रडली नाही. पदराने तोंड पुसून एकच विचारी: ‘ताई, आज आलं का?’ एक दिवस ती म्हणाली, ‘झोपेपुरतं तरी काही द्या. ते ओरडत नाहीत हो, पण रात्रभर खाटेचा दांडा धरून बसतात.’ आम्ही त्यांना पॅरासिटामॉल दिले, कोडीन होते तोवर कोडीन दिले, डॉक्टरांनी झोपेचे इंजेक्शन दिले. मॉर्फीन आले तेव्हा ते गृहस्थ जाऊन अकरा दिवस झाले होते. त्या दिवशी मी नोंदवहीत आवक लिहिली, शिल्लक मांडली, खाली सही केली. त्या नोंदवहीत तारीख, आरंभीची शिल्लक, रुग्णाचे नाव, मात्रा, परिचारिकेची सही, रिकाम्या कुप्या परत आल्याची खूण, या सगळ्यांसाठी रकाने होते. औषध कधी मागितले आणि ते कधी मिळाले, यासाठी रकाना नव्हता.

हा तिढा सोडवायला पुढे वीस वर्षे लागली. केरळने १९९८ च्या सुमारास आपले राज्याचे नियम सोपे केले आणि तेथे तालुक्या-तालुक्यांत वेदनाशमनाची केंद्रे उभी राहिली. त्यामागे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे परिश्रम होते. नियम सोपे झाल्यामुळे तेथे औषधाचा महापूर रस्त्यांवर आला नाही. राज्याच्या एका नियमाने काय बिघडते आणि काय सुधारते, हे दोन्ही आपल्याच देशात दिसून आले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली आणि ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा एक नवा वर्ग निर्माण केला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांतून काढून केंद्राच्या एकाच नियमाखाली आणली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरवली. या दुरुस्तीतील एक शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. केंद्र सरकारने काय उपाय करावेत हे सांगणाऱ्या चौथ्या कलमात पूर्वी गैरवापर रोखण्यावर सगळा भर होता. त्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापर सुनिश्चित करणे हेही सरकारचे काम म्हणून लिहिले गेले. रुग्णाची बाजू कायद्याच्या मजकुरात आली ती अशी, एकोणतीस वर्षांनी.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की यादीत नाव घालणे नेहमीच चूक असते. याच शहराने उलट अनुभवही घेतला आहे. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोरे एमडी किंवा म्याऊ म्याऊ म्हणत, ते २०१३-१४ च्या सुमारास मुंबईत कॉलेजांच्या आणि शाळांच्याही आसपास पोहोचले होते. पोलिसांच्या हाती पुड्या लागत, पण एनडीपीएसच्या अनुसूचीत त्या रसायनाचे नाव नव्हते. यादीत नाव घालण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे, राज्याला नाही, म्हणून महाराष्ट्राला वाट पाहत बसावे लागले. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी अधिसूचना निघाली आणि मग त्या पुडीला कायद्यात नाव मिळाले. त्या मधल्या काळात आमच्या आपत्कालीन विभागात जी मुले आणली जात, त्यांच्या आईवडिलांचे चेहरे मी पाहिले आहेत. तेव्हा यादी लवकर व्हायला हवी होती, हे मी ठामपणे म्हणते. मेफेड्रोनचा कोणताही मान्य वैद्यकीय उपयोग नाही. ते कुलपात गेल्याने कोणाचीही खाट अडत नाही. फरक आहे तो इथे.

अडचण येते ती एकाच वस्तूचे दोन उपयोग असतात तेव्हा. २०१८ च्या एप्रिलमध्ये एकाच महिन्यात असे दोन निर्णय झाले. ट्रॅमाडॉल एनडीपीएसच्या यादीत गेले. त्याच्या गोळ्यांची तस्करी होत होती, हे कारण खरे होते. पण माझ्या घराजवळच्या मुलुंडच्या दोन औषध दुकानांनी त्यानंतर ते ठेवणेच बंद केले, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या शेजारच्या काकांची सून चिठ्ठी घेऊन ठाण्यापर्यंत फिरून आली. दुकानदारांना दोष देता येत नाही. कायद्याची बारीक अक्षरे वाचण्यापेक्षा माल न ठेवणे सोपे असते.

दुसरा निर्णय ऑक्सिटोसिनचा. म्हशींनी दूध लवकर सोडावे म्हणून तबेल्यांत हे इंजेक्शन टोचले जाते, ही तक्रार जुनी आहे आणि आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांच्या शेजारी वाढलेल्या मुंबईकरांना ती नवी नाही. जनावरांवरचा हा अत्याचार थांबवण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढली, की देशांतर्गत वापराचे ऑक्सिटोसिन यापुढे खासगी कंपन्यांनी बनवू नये, कर्नाटकातील एका सार्वजनिक कंपनीनेच बनवावे, आणि किरकोळ औषध दुकानांत ते विकू नये. दरवर्षी देशात कोट्यवधी बाळंतपणे होतात. त्या सगळ्यांचे पहिले औषध एकाच कारखान्यावर अवलंबून ठेवायचे, आणि तेही तबेल्यातील चोरट्या वापरासाठी, हे ऐकून आमच्या प्रसूती विभागाच्या प्रमुख बाई किती वेळ गप्प बसल्या होत्या ते मला आठवते. मग त्यांनी मला विचारले की मिसोप्रोस्टॉलच्या पट्ट्या किती शिल्लक आहेत. मी मोजून सांगितल्या. आम्ही जास्तीचा साठा मागवला आणि तो प्रसूतिकक्षातच, हाताशी ठेवला. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. पण ऑक्सिटोसिन मिळाले नाही तर आपल्याला जी गोळी वाचवील असे आम्हाला त्या सहा-सात महिन्यांत वाटत होते, तीच गोळी सहा वर्षांनी माझ्या भाचीच्या हाताशेजारून उचलली गेली.

त्या गोळीने महाराष्ट्रातही एकदा असेच दिवस पाहिले आहेत. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भलिंगनिदानाचे प्रकरण उघडकीस आल्यावर राज्यभर कारवाई झाली आणि गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवली गेली. पुष्कळ औषध दुकानदारांनी त्या ठेवणे सोडून दिले. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धचा संताप योग्यच होता, मी स्वतः त्या मोर्चात चालले आहे. पण या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी मान्य आहेत आणि सोनोग्राफीत गर्भाचे लिंग त्यानंतर काही आठवड्यांनी दिसू लागते. लिंगनिदानाचा गुन्हा यंत्राच्या खोलीत घडत होता आणि कुलूप गोळीला लागले. कायद्याने मान्य असलेला गर्भपात सुरक्षितपणे करून घेऊ पाहणाऱ्या बाईला मग जी पायपीट करावी लागली, तिचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, दुरुस्ती करून अंमली पदार्थांची निर्मिती, विक्री आणि वाहतूक संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत आणली. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात अशा विषयांच्या यादीत, औषधे आणि विषे यांची नोंद असल्यामुळे, आणि गुन्हेगारी कायदाही त्याच सूचीत असल्यामुळे, अनुसूचीला हात न लावताही राज्याजवळ असे मार्ग असतात. टोळ्यांविरुद्ध हा कायदा वापरला जावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझी चिंता एवढीच आहे, की मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेत नियमाने काम करणाऱ्या फार्मासिस्टला आणि परिचारिकेला हा कायदा आपल्यासाठी नाही, हे कोणीतरी अधिकृत पत्राने आणि सोप्या मराठीत सांगितले पाहिजे. भीती व्याख्या वाचत नाही. १९८५ नंतर डॉक्टरांना कोणी मॉर्फीन लिहू नका असे सांगितले नव्हते. त्यांनी भीतीपोटीच ते लिहिणे सोडले, आणि मग मॉर्फीन कसे द्यायचे हेच ठाऊक नसलेल्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. कायदा दुरुस्त करायला एक अधिवेशन पुरते. ती पिढी पुन्हा शिकवायला किती वर्षे लागतात, ते वेदनाशमनाचे काम करणाऱ्यांना विचारावे.

भाचीला मी हे सगळे एका दमात सांगितले नाही. दर रविवारी थोडे थोडे बोलणे झाले. तिने तिच्या प्रमुखांना माझ्या कपाटाची गोष्ट सांगितली, आणि त्या बाईंनी मला निरोप पाठवला, की तुमच्या नोंदवहीचे रकाने कसे होते ते कळवा. माझ्याजवळ जुनी नोंदवही अर्थातच नाही, ती रुग्णालयाची मालमत्ता होती. मी आठवून एका कागदावर रकाने आखले, इंग्रजीत नावे लिहिली आणि छायाचित्र काढून पाठवले. सोबत लिहिले, की या नोंदवहीत एक उणीव होती आणि ती तुम्ही ठेवू नये.

त्यांच्या कक्षात आता कपाटाजवळ एक तक्ता लावलेला आहे. प्रत्येक रक्तस्रावाच्या वेळी धावणारी परिचारिका परत आल्यावर त्यात दोन वेळा लिहिते, गोळी मागितल्याची आणि गोळी हाती आल्याची. दर महिन्याअखेर तो तक्ता रुग्णालयाच्या समितीपुढे जातो. परवाच्या रविवारी भाचीने मला त्याचे छायाचित्र पाठवले. सर्वांत खालच्या ओळीतले अक्षर तिचे होते.